विमान घिरट्या का घालते?
(सामान्य ज्ञान – मोठा गट. पालकांनीही मुलांबरोबर वाचावे.)



सुट्टीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्ही विचारले, "मुंबईला जाताना काय काय पाहिलंत?" मोठ्या गटातला एक जण म्हणाला, "विमान अर्धा तास ढगातच गोल गोल फिरत होतं. खाली आजोबा वाट बघत होते, आणि आम्हाला कोणी उतरूच देत नव्हतं!" हाच अनुभव आलेल्या बऱ्याच मुलांनी हात वर केले. कोणी म्हणाले, पावसामुळे. कोणी म्हणाले, वैमानिक रस्ता चुकला असेल. पाऊस हे एक कारण असू शकते, पण मोठे कारण जमिनीवर आहे. ते समजण्यासाठी मुंबईच्या विमानतळाची गोष्ट माहीत हवी.

जुहूपासून सहारपर्यंत

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूला, समुद्राजवळ होता. तो १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादमार्गे, लहानशा पुस मॉथ विमानाने जुहूला उतरले. भारतीय विमानसेवेची सुरुवात त्या दिवशी झाली असे मानतात. पण पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मोठ्या विमानांना लांब आणि पक्की धावपट्टी लागते, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी विमाने जवळच्याच सांताक्रूझला उतरू लागली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या विमानाचे नाव होते 'मलबार प्रिन्सेस'.

पुढे प्रवासी वाढले आणि इमारती अपुऱ्या पडू लागल्या. १९७९ साली सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागली. १९८१ साली आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहारची इमारत सुरू झाली. आखातात नोकरीला आलेल्या कितीतरी काका-मामांनी घरच्यांचा निरोप सहारच्या काचेपलीकडूनच घेतला. १९९९ साली विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारे खांब असलेली आजची इमारत २०१४ साली उघडली. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले, तरी सामानाच्या चिठ्ठीवर अजून 'बीओएम' हीच जुनी 'बॉम्बे'ची अक्षरे असतात. पुढच्या वेळी बॅगेवर जरूर पाहा.

फुलीचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत. दुबईलाही दोनच आहेत. मग फरक कुठे?

वहीत दोन समांतर रेघा काढा. ही झाली दुबई. शेजारी दोन रेघांची फुली काढा. ही झाली मुंबई. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका पट्टीवर विमान धावत असताना दुसरीवरचे विमान त्याच चौकात आले तर? म्हणून साधारणपणे एका वेळी एकच पट्टी वापरतात. दोन असूनही काम एकीचेच!

या एका पट्टीवरून गर्दीच्या वेळी तासाला सुमारे ४५ विमाने चढतात किंवा उतरतात. ३६०० सेकंदांना ४५ ने भागा. उत्तर येते ८०. म्हणजे दर ८० सेकंदांना एक विमान! २०१८ साली मुंबईने एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली. आम्ही संगणकवाले याला 'रांग' म्हणतो. रांगेत जागा शिल्लक नसली की एक छोटासा उशीरही मागच्या सगळ्यांना भोवतो. एक विमान पट्टीवरून वळायला थोडे रेंगाळले की आकाशातल्या विमानांना थांबावे लागते. विमानाला रिक्षासारखे कडेला उभे राहता येत नाही, म्हणून ते घिरट्या घालते. नियंत्रक प्रत्येकाला वेगळी उंची देतो आणि एकेकाला खाली बोलावतो. तेव्हा तुमचे विमान चुकलेले नव्हते, ते शिस्तीत रांगेत उभे होते!

धावपट्टीचे नाव कसे ठरते?

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चढते आणि उतरते. त्यामुळे पंखांना उचल मिळते व कमी अंतरात काम भागते. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य काढून. मुंबईची मुख्य पट्टी ०९/२७ आहे. ०९ म्हणजे ९० अंश, अर्थात पूर्व. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात आणि जुहूच्या समुद्रावरून उडतात. दुबईच्या पट्ट्या १२/३० आहेत. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की इंटरनॅशनल सिटीतून मिरडिफच्या दिशेला पाहा. एकामागून एक विमाने खाली उतरताना दिसतील. ती कोणत्या क्रमांकाच्या पट्टीवर उतरत असतील?

वाळूतला विमानतळ

दुबईलाही सगळे आयते मिळाले नाही. १९३७ साली इथे खाडीच्या पाण्यावर विमाने उतरत. १९६० साली विमानतळ उघडला तेव्हा धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. डांबरी पट्टी १९६५ साली आली. एमिरेट्स कंपनी १९८५ साली सुरू झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या मार्गांतच मुंबई होती. २०१४ साली आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत दुबईने लंडनच्या हीथ्रोला मागे टाकले.

नवी मुंबई – जमीन कोणाची?

मुंबईत समांतर पट्टी का बांधत नाहीत? कारण जागाच नाही. विमानतळाच्या कुंपणाला लागून हजारो घरे आहेत. उतरताना खिडकीतून दिसणारी निळी छपरे तीच. म्हणून खाडीपलीकडे दुसरा विमानतळ झाला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. तेथे दोन समांतर पट्ट्यांची योजना आहे.

पण मुलांनो, ती जागाही मोकळी नव्हती. तेथे गावे होती, शेते होती, देवळे होती. उलव्याची टेकडी फोडावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. त्याआधी नवी मुंबई शहरासाठीही शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या होत्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांनी लढा उभारला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. विमानतळाला दि. बां.चे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २०२२ साली केला.

आपल्याला तीन तासांत आजीच्या घरी पोहोचता यावे म्हणून कोणाच्या तरी आजीने आपले अंगण सोडले आहे. पुढच्या वेळी चाके जमिनीला टेकताना तिचीही आठवण ठेवू या.

शब्दार्थ
धावपट्टी – विमान जिच्यावर धावते ती पक्की पट्टी
घिरट्या घालणे – एकाच जागेभोवती गोल फिरणे
छेदणे – आडवे कापून जाणे
मोबदला – घेतलेल्या वस्तूबद्दल दिलेली भरपाई
प्रकल्पग्रस्त – मोठ्या बांधकामामुळे घर किंवा जमीन गेलेले लोक

स्वाध्याय
१. मुंबईची दुसरी धावपट्टी १४/३२ आहे. तिच्या दोन्ही दिशा अंशांत लिहा. दोन अंकांत नेहमी १८ चाच फरक का असतो?
२. विमान दुबईहून रात्री १० वाजता निघाले. प्रवास ३ तासांचा आहे. मुंबईच्या घड्याळात किती वाजता पोहोचेल? (मुंबई दीड तास पुढे आहे.)
३. 'विमानतळ' या शब्दाची फोड करा. 'तळ' असलेले आणखी दोन शब्द लिहा.
४. आई-बाबा पहिल्यांदा दुबईला आले तेव्हा विमानतळावर त्यांना पोहोचवायला कोण कोण आले होते? त्यांना विचारून दहा ओळी लिहा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.