जुनी डिझेल गाडी घेताना : दोन गाड्यांतून एक कशी निवडावी?



उसाचा हप्ता बँकेत जमा झाला की घराघरांतून गाडीचा विषय निघतो. नवी गाडी परवडत नाही आणि मोटारसायकलवर चौघांचं भागत नाही. मग जुन्या डिझेल गाडीची चौकशी सुरू होते. पवना-इंद्रायणीच्या काठापासून वर लोणावळा-भुशीपर्यंत आपल्या मावळात अशा वेळी हमखास दोन नावे निघतात. एक मारुतीची स्विफ्ट डिझायर आणि दुसरी टोयोटाची इटियॉस. डिझायर डिझेलमध्ये २००८ साली आली, इटियॉस डिझेल २०११ साली. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या काढणे थांबवले आणि त्याच साली इटियॉसही बंद झाली. म्हणजे या दोन्ही गाड्या डिझेलमध्ये घ्यायच्या तर जुन्याच घ्याव्या लागतात.

दोन्ही गाड्या मुळात चांगल्या, म्हणूनच निवड अवघड. ती कशी करावी याची रीत या लेखात मांडली आहे.

सुरुवातीलाच एक आकडा ध्यानात घ्यावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. या दराने ४ लाख रुपयांची गाडी म्हणजे ११२ टनांहून जास्त ऊस, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न धरता! आडसाली लागणीमागे दीड वर्ष राबून आलेला पैसा तासाभराच्या चकरेत आणि रंगाच्या चकाकीवर देऊन टाकू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

१) आधी हे ठरवा : डिझेल हवे का?

डिझेल स्वस्त पडते हे अर्धेच खरे. ते किती फिरणे आहे त्यावर ठरते. रीत कळावी म्हणून काही आकडे धरू. डिझेल लिटरला ९० रुपये आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १५ किलोमीटर जाते, म्हणजे ७ रुपये. फरक किलोमीटरला २ रुपयांचा.

ज्याचे फिरणे वर्षाला ६,००० किलोमीटर, त्याचे १२,००० रुपये वाचतील. ज्याचे १५,००० किलोमीटर, त्याचे ३०,०००. आता जुन्या डिझेल गाडीचा इंजेक्टर, टर्बो असा काही खर्च निघून ५०,००० रुपये गेले असे समजा. पहिल्याची चार वर्षांहून अधिक काळाची बचत त्यात गेली. दुसऱ्याने ती वीस महिन्यांत भरून काढली. तेव्हा लग्नकार्य, दवाखाना आणि आठवड्याचा बाजार एवढ्यापुरतीच गाडी लागत असेल, तर या दोन्ही गाड्या सोडून पेट्रोलची पाहावी. रोज पोराला कॉलेजला सोडणे, दुधाचा किंवा भाजीचा धंदा, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या असतील तरच डिझेलचा विचार करावा.

कोणी म्हणेल, आपल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, मग डिझेल घेणं म्हणजे घरच्याला सोडून परक्याला धरणं. भावना चांगली आहे, पण घरखर्चाचा हिशेब किलोमीटरवरच करावा.

२) दोन गाड्यांची ओळख

डिझायरचे डिझेल इंजिन १,२४८ सीसीचे. मूळ रचना फियाट कंपनीची. याच जातीचे इंजिन फियाट आणि टाटाच्या गाड्यांतही बसले, आणि आपल्या जिल्ह्यात रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. फायदा असा की हे इंजिन उघडून पाहिलेला मेस्त्री तालुक्याच्या गावी सहज भेटतो. इटियॉसचे इंजिन १,३६४ सीसीचे. ताकद डिझायरची ७५ अश्वशक्तीच्या आसपास, इटियॉसची ६८. कागदावर डिझायर वरचढ दिसते. पण तिचा जोर टर्बो भरल्यावर, साधारण २,००० फेऱ्यांच्या पुढे येतो, त्याखाली ती थोडी जड वाटते. इटियॉसचा जोर जरा खालूनच सुरू होतो.

लांबीत मोठा फरक आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना २००६ पासून अबकारी करात सवलत मिळाली. ती मिळावी म्हणून २०१२ च्या डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली. त्यात डिकी आखडली आणि ३१६ लिटरची राहिली. २०१७ च्या नव्या रूपात ती ३७८ लिटर झाली. इटियॉस ४,२६५ मिलिमीटर लांब आणि तिची डिकी तब्बल ५९५ लिटरची. गावातल्या बोळात, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये डिझायर सहज मावते. पाच माणसे आणि चार बोचकी घेऊन लांब जायचे, तर इटियॉस बरी.

हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, आहेत का हे त्या त्या गाडीत पाहावे. चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या हलक्या मॉडेलांत ती असेलच असे नाही. घरची माणसे बसणार आहेत, इथे काटकसर नको.

३) कागद : गाडीचा सातबारा

सातबारा बघितल्याशिवाय आपण गुंठाभर जमीन घेत नाही. गाडीचं आरसी म्हणजे तिचा सातबाराच. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात.

अ) बोजा : कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

आ) धनी किती झाले : दुसरा, तिसरा की चौथा? पाच वर्षांत चार धनी बदललेली गाडी आणि बाजारात परत परत दिसणारा बैल, दोघांपासून लांब राहावे.

इ) टॅक्सीची गाडी : या दोन्ही गाड्या टॅक्सी म्हणूनही भरपूर चालल्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली गाडी कायद्याने विकता येते, पण तिचे फिरणे घरच्या गाडीच्या कितीतरी पट झालेले असते. जुनी नोंद मागून पाहावी.

ई) मीटर : मीटरवरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. मीटर ८०,००० दाखवतो आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर काहीतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

उ) परराज्यातली गाडी : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश दिले. त्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओचे ना-हरकत, म्हणजे नमुना २८, आणि इथे भरावा लागणारा कर, दोन्ही धरून किंमत काढावी. मग ती स्वस्त राहते का ते पाहावे.

व्यवहार झाला की नमुना २९ आणि ३० वर सह्या करून, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. मावळच्या सभासदांसाठी ते पिंपरी-चिंचवडचे, एमएच-१४ चे कार्यालय. विमाही लगेच आपल्या नावावर करावा. "करू सावकाश" म्हणून चालत नाही. मधल्या काळात अपघात झाला तर दोन्ही घरांना त्रास होतो.

४) पहाटेची परीक्षा : गाडी थंड असताना

मालकाला आधीच सांगून ठेवावे की गाडी आम्ही येऊनच सुरू करू. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम लागले तर समजावे की गाडी आपल्यासाठी सजवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागले पाहिजे. सुरू होताना साखळीचा खडखडाट येतो का ते ऐकावे. दोन्ही गाड्यांत टायमिंगला पट्टा नसून साखळी आहे. ती ढिली झाली की थंडीत आधी बोलते. मग सायलेन्सरकडे पाहावे. लोणावळ्याच्या गारठ्यात सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघणे साहजिक. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर कुलंट आत जात असेल किंवा डिझेल न जळता बाहेर पडत असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंजेक्टर, हवेचा फिल्टर किंवा टर्बो यांपैकी कुठेतरी दोष. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण सैल करून पाहावे. खालून भपकारे जोराने येत असतील तर इंजिन आतून झिजले आहे.

५) भुशीचा चढ

बैल विकत घेताना आपण नुसते दात मोजत नाही, त्याला चालवून, जुंपून बघतो. गाडीचंही तसंच. सपाट हमरस्त्यावर कुठलीही गाडी गुणाची वाटते. आमची सूचना अशी की शेवटची परीक्षा भुशीच्या रस्त्यावर घ्यावी. लोणावळ्यातून भुशी धरण, पुढे आयएनएस शिवाजी आणि तिथून लायन्स पॉइंटकडे चढत जाणारा हा रस्ता गाडीची खोड लपू देत नाही. घाट चढणाऱ्या इंजिनाची कसोटी या भागाला नवी नाही. भुशीचे धरणच मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. मात्र पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिकडे जाऊ नये. पर्यटकांच्या गर्दीत गाडी जागची हलणार नाही. मधल्या वारी, सकाळी जावे.

गाडीत पाच माणसे बसवून जावे. एकट्या माणसाला घेऊन गाडी चढली म्हणजे घरच्यांना घेऊन चढेल असे नाही. चढावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

• मधल्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला, इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे.
• चढावर थांबून हँडब्रेक ओढावा. गाडी मागे सरकता कामा नये. तिथूनच पुन्हा उचलून पाहावी.
• तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे.
• उतरताना गाडी न्यूट्रल न करता गिअरमध्येच आणावी. ब्रेक दाबल्यावर ती एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरते का ते पाहावे.
• वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नये. टर्बोला निवायला इंजिन मिनिटभर चालू ठेवावे. मालक स्वतः असे करतो का, यावरूनही त्याने गाडी कशी वापरली ते कळते.

सोबत ओळखीचा मेस्त्री न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्याने आणलेला मेस्त्री विकणाऱ्याचाच.

६) पुरात बुडालेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला, २०२१ च्या जुलैत चिपळूणला आणि २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्याला पाणी भरले. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात आली तर वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे रूळ गंजलेत का, गालिच्याखाली गाळ आहे का, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का ते पाहावे. कुबट वास येत असेल आणि वर अत्तर मारलेले असेल, तर तिथूनच नमस्कार करावा.

७) शेवटचा हिशेब

समजा, दोन गाड्या समोर आहेत. २०१६ ची डिझायर ४,२०,००० रुपयांना आणि २०१४ ची इटियॉस ३,६०,००० रुपयांना. इटियॉस ६०,००० ने स्वस्त. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०२६ मध्ये घेतली असे धरले तर डिझायरला २०३१ पर्यंत पाच वर्षे आहेत, इटियॉसला २०२९ पर्यंत तीन. म्हणजे डिझायर वर्षाला ८४,००० ला पडली आणि इटियॉस १,२०,००० ला. पुढे आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. पण त्यासाठी गाडी धडधाकट लागते आणि जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर भरावा लागतो.

आता हीच स्वस्त पडलेली डिझायर भुशीच्या चढावर निळा धूर सोडू लागली, तर? मग वरचा सगळा हिशेब व्यर्थ. म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा कागद, मग पहाटेची परीक्षा, मग चढ. यांपैकी एकात जी नापास, ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. तिन्हींत दोन्ही गाड्या पास झाल्या तरच वर्षाचा हिशेब मांडावा. तोही जवळपास सारखा आला, तर अरुंद बोळ आणि गावचा मेस्त्री यांच्यासाठी डिझायर घ्यावी, आणि भरले घर व लांबचा प्रवास यांच्यासाठी इटियॉस घ्यावी.

आणि दोन्ही नापास झाल्या तर? तर रिकाम्या हाताने घरी यावे, त्यात कमीपणा नाही. इसार देऊन बसलो म्हणून वाईट गाडी गळ्यात घेण्यापेक्षा इसारच देऊ नये. सौदा ठरला तरी किमतीच्या दहावा हिस्सा बाजूला ठेवून मगच पैसे मोजावेत. ऑइल, फिल्टर, टायर, बॅटरी यांचा पहिला खर्च त्यातून निघेल, नाहीतर सोसायटीच्या दारात जावे लागते.

गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. पण शंभर टन उसाचा पैसा पुन्हा उभा करायला आणखी एक लागण करावी लागते, हे पैसे मोजण्यापूर्वी एकदा आठवावे.

कळावे.