दात लावाल तर सनई रुसेल

खर्ड्याच्या आसपास वाड्या-वस्त्यांवरच्या लग्नांना आम्ही सनई-संबळ घेऊन जायचो. वैशाखातला वारा असा कोरडा, की मांडवात दोन चाली होईपर्यंत पत्तीही वाळायची आणि ओठही. त्यात शेजारी बँजोपार्टीचे भोंगे. आपली सनई दबू नये म्हणून मी पत्ती दातांनी दाबून फुंकायला लागलो. आवाज वाढला, पण स्वरही वर चढला. सूर धरणारे चुलते नुसते डोळे वटारून बघायचे. हंगाम संपता संपता खालचा ओठ आतून सोलला नि सनई खुंटीला गेली.

म्हणून कोणी शिकायला आलं की मी आधी दात कुठं लागतात ते बघतो. ओठ थोडे दातांवर वळवायचे आणि पत्ती त्या मऊ घडीत धरायची. कोपरे घट्ट, मधला भाग सैल. कोपऱ्यातून हवा सुटली की पोरगं मधे आवळतं. आवळलं की पत्तीची फट मिटते आणि नुसती पिपाणी ओरडते. सनईला चाव्या नाहीत. कोमल-तीव्र स्वर बोट अर्धं उघडून आणि ओठाचा दाब बदलून काढायचे. बिस्मिल्ला खाँसाहेबांची मींड ऐका, ती दातात धरलेल्या पत्तीतून निघायचीच नाही.

गाल फुगवू नका, असं बँडातले मास्तर क्लॅरिनेटवाल्यांना बजावतात. आमच्याकडे श्वास न तोडता वाजवायला गालात हवा साठवावीच लागते. पण ते नंतर. आधी एकच षड्ज, हळू आवाजात, न हलता. पोरांना याचा फार कंटाळा.

सरावाला खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊ नका म्हटलं की पोरं हसतात. 1795 मध्ये मराठ्यांपुढं हटून निजाम ज्या तटाआड शिरला, तिथं आपलीही फुंक लपते. दगड आवाज भरून परत देतो. उघड्या शेतात कच्चा स्वर लगेच उघडा पडतो.

तंबाखूनं तोंड आलेल्यानं तर सनईला हातच लावू नये. ओठ थरथरला की थांबा. पत्ती वाजवण्याआधी तोंडात भिजवा, मग उजेडाकडे धरून फट बघा. फार उघडी असेल तर ओठ दमतो, मिटलेली असेल तर दात पुढं येतात. नवी पत्ती थेट लग्नाला नेऊ नका, घरीच चार दिवस वाजवून वळणावर आणा.