४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येचा पाठ

मूळ संख्यांचा पाठ चालू असता शिक्षक फळ्यावर ३, १३, २३ या संख्या लिहितात आणि एखादा चुणचुणीत विद्यार्थी चटकन म्हणतो, "शेवटी ३ आला की ती मूळ संख्या!" पुढची संख्या ३३. तिला ३ ने भाग जातो व नियम तेथेच मोडतो. अशा विद्यार्थ्यास रागावू नये. थोडक्या उदाहरणांवरून नियम बांधण्याचा मोह थोर गणितज्ञांनाही आवरलेला नाही, हे त्यास पुढील संख्येवरून दाखवावे.

२ ही संख्या घेऊन तिचा वर्ग करावा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करावा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी मालिका मिळते. प्रत्येकीत १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. यावरून पुढील सर्व संख्याही मूळच असणार, असे मत फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी १६४० साली मांडले. सिद्धता मात्र त्यांना देता आली नाही.

मालिकेतील सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. तिची परीक्षा करावयाची तर ६५,५३६ पर्यंतच्या सहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागेल. स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७३२ साली या संख्येचे अवयव शोधून दाखविले. तिला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या कोणत्या तरी पटीहून १ ने मोठीच असली पाहिजे, हेही त्यांनी सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या होत. पहिल्या चारांनी भाग जात नाही. ६४१ ने निःशेष जातो. भागाकार ६७,००,४१७ येतो. त्या मालिकेत ६५,५३७ च्या पुढे एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

हा भागाकार वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांकडून पाटीवर अवश्य करवून घ्यावा. ६ व ७ हे अंक आल्यावर बाकी २ उरते. वरील ६ उतरविल्यावर २६ व नंतर ७ उतरविल्यावर २६७ होतात. दोन्ही संख्या ६४१ हून लहान असल्याने भागाकारात दोन शून्ये द्यावी लागतात. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात व ६७,४१७ असे उत्तर लिहितात.

ताळा पाहतानाही सावध असावे. ६७,००,४१७ मधील अंकांची बेरीज २५ येते आणि ६७,४१७ मधील बेरीजही २५ च येते. अर्थात नवाचा ताळा ही चूक पकडीत नाही. ताळा जुळला नाही तर उत्तर निश्चित चूक. पण जुळला म्हणजे बरोबरच, असे नव्हे. म्हणून ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणून मूळची संख्या येते की नाही, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.

उदाहरणे नियम सुचवितात, ती नियम सिद्ध करीत नाहीत. वर्गात "गुरुजी, हे नेहमीच खरे असते का?" असे विचारणारा विद्यार्थी पाठात अडथळा आणीत नसून गणिताच्या खऱ्या अभ्यासास प्रारंभ करीत असतो. त्याच्या प्रश्नास शिक्षकांनी वेळ द्यावा.