मुलांची राखण : विश्वास आणि व्यवस्था
(सभासद कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)



देवळातील दानपेटी उघडण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती एकट्याने उघडावयाची नसते. दोघे-तिघे पंच समोर बसतात, नाणी व नोटा वेगळ्या करतात, रक्कम मोजून वहीत मांडतात आणि खाली सर्वांच्या सह्या होतात. या रीतीने कोणा पुजाऱ्याचा वा कोषाध्यक्षाचा अपमान झाला, असे कधी ऐकिवात नाही. उलट प्रामाणिक माणूसच ती अधिक आग्रहाने पाळतो. कारण उद्या कोणी शंका घेतली, तर वहीतील त्या सह्याच त्याची ढाल होतात.

आता त्याच देवळाच्या सभामंडपात भरणारा बालसंस्कार वर्ग डोळ्यांसमोर आणावा. तेथे कोण शिकवितो, त्याच्यासोबत दुसरे मोठे माणूस कोण असते, वर्ग सुटल्यावर कोणते मूल कोणाच्या हाती गेले, याची वही कोठे असते? पैशांसाठी वही आणि मुलांसाठी केवळ भरवसा, हा हिशोब उलटा नव्हे काय? प्रस्तुत पाठात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बदलापूरचा धडा

ठाणे जिल्ह्यातील बदलापूर हे मुंबईस नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांचे गाव. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेतील शिशुवर्गाच्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोप होता तो शाळेच्या शौचालयाशी नेमलेल्या एका सफाई-कर्मचाऱ्यावर. त्याला त्याच महिन्याच्या आरंभी कंत्राटी पद्धतीने कामावर घेतले होते. मुलीने घरी त्रास सांगितला, तेव्हा आईवडिलांस कळले. ते पोलीस ठाण्यात गेले; परंतु तक्रार नोंदवून घेण्यासाठी त्यांना तासन् तास ताटकळावे लागले. लोकांचा संताप इतका वाढला की २० ऑगस्ट रोजी बदलापूर स्थानकात जमावाने कित्येक तास रेल्वेगाड्या रोखून धरल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली.

पुढे काय उघड झाले ते लक्षपूर्वक पाहावे. शाळेतील कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले. घटना कळूनही पोलिसांस न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर व मुख्याध्यापिकेवर गुन्हा नोंदविण्यात आला. आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळी लागून मरण पावला. त्यामुळे त्याच्यावरील आरोपांचा न्यायालयात निवाडा होण्याची वाटच बंद झाली. शाळांतील मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या निर्देशाने जी समिती नेमली गेली, तिच्यात माजी न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसाळकर-जोशी यांचा समावेश होता.

या घटनेत एका माणसाच्या दुष्टपणाखेरीज आणखी काही गोष्टी दिसतात. लहान मुलींच्या शौचालयाशी पुरुष कर्मचाऱ्याची नेमणूक झाली होती. नेमणूक नवी होती. कॅमेरे होते, पण चित्रण हाती आले नाही. आणि ज्यांनी प्रथम पोलिसांकडे जावयाचे, ते गेले नाहीत, असा संस्थेच्या चालकांवर आरोप झाला. या चारांपैकी एकही गोष्ट टाळण्यास मोठा खर्च लागत नाही. लागतो तो केवळ आधी केलेला विचार.

महाराष्ट्र शासनाने शाळाशाळांतून ‘सखी सावित्री’ समिती नेमण्याचा आदेश २०२२ सालीच काढला होता. परंतु समिती कागदावर असणे निराळे आणि पहिलीतील मुलीला ‘काही वाईट घडले तर या बाईंना सांगावयाचे’ हे ठाऊक असणे निराळे.

कायदा काय सांगतो

बदलापूर आपल्या ग्वाल्हेरपासून दूर आहे खरे; पण या बाबतीत साऱ्या देशास कायदा एकच आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, ज्यास लोक ‘पॉक्सो’ म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्यातील काही कलमे प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावीत.

कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे, किंवा घडण्याची भीती असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. हे बंधन शिक्षकावर आहे तसे शेजाऱ्यावरही आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे तेच कलम सांगते. कलम २१ प्रमाणे न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड होऊ शकतो. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला, तर एक वर्षापर्यंत कारावास व दंड. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा आणि शक्यतो ती स्त्री-अधिकारी असावी. मूल कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख उघड करण्यासही कायद्याने मनाई आहे. म्हणून अशा प्रसंगी नावाची कुजबुज करणे, मोबाईलवरून मजकूर पुढे धाडणे, हेही अपराधाकडे टाकलेले पाऊल होय.

२०२० साली या कायद्याचे नवे नियम आले. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडा-संस्था व तत्सम सोयी यांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिसांकरवी पडताळणी करावी, तीही वेळोवेळी करावी, असे त्यांत म्हटले आहे. कर्मचारी शिकविणारा असो वा झाडणारा, कायम असो वा कंत्राटी, नियम सर्वांस सारखा आहे.

परकाच धोकादायक असतो काय?

आपल्या मनात एक समजूत खोल बसली आहे. मुलांना धोका तो अनोळखी माणसापासून. आपल्या माणसांत ते सुरक्षितच असते. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती सिद्ध झाली होती. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, असे तिच्यात आढळले.

मुलांनी का सांगितले नसावे, याचे उत्तर आपल्या घरातच शोधावे लागेल. ‘मोठ्यांचे ऐकावे’, ‘उलट उत्तर देऊ नये’, ‘काका म्हणतील तसे कर’ हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवितो. ते शिकवावेच. परंतु त्याच्या जोडीला दुसरे वाक्य शिकविण्याचे आपण विसरतो : ‘कोणी मोठे माणूस चुकीचे वागले, तर तू नको म्हणावेस आणि घरी येऊन सांगावेस, आम्ही तुला रागावणार नाही.’ ज्या मुलाला हे दुसरे वाक्य मिळाले नाही, त्याच्या तोंडी नकाराचा शब्दच नसतो.

गुरुजनांचेही रक्षण

कित्येकदा एखादे वृद्ध गुरुजी दुखावून म्हणतात, ‘इतकी वर्षे शिकवीत आलो, आणि आता दार उघडे ठेवावयास सांगता? आमच्यावर संशय?’ त्यांचे दुःख खोटे नाही. परंतु दानपेटीची गोष्ट त्यांस आदरपूर्वक आठवून द्यावी. नियम एका व्यक्तीकडे बोट दाखवून केला, तर तो संशय ठरतो. सर्वांना सारखा लावला, तर ती व्यवस्था ठरते. दार उघडे आहे, दुसरे मोठे माणूस समोर आहे, अशा वर्गात प्रामाणिक शिक्षकावर खोटा आळ येण्याचे भयही कमी होते. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास शिक्षा देण्याची तरतूद पॉक्सो कायद्यात आहेच. पण तक्रारीला जागाच राहू नये, हे अधिक बरे.

शाळेत नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा विचारही येथेच करावयास हवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असली पाहिजे. त्याहून लहान संस्थेतील स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. शिपाईण असो वा मुख्याध्यापिका, हा हक्क दोघींचा सारखाच आहे.

आग आणि पाणी

राखण केवळ दुष्ट माणसापासून करावयाची नसते. बेफिकिरीही तितकाच घात करते. हरयाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपास आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपरास लागून ९४ मुले दगावली. त्यानंतर २००९ साली अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो.

ग्वाल्हेरप्रमाणेच मराठी संस्थानाची परंपरा असलेले बडोदे आपणांस परके नाही. तेथील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे बसविली होती आणि सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती. मुलांबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या बाईही गेल्या, हे विसरू नये. विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि शिक्षकांची सुरक्षितता या दोन गोष्टी नव्हेत.

आपणही मुलांना तिघऱ्याच्या धरणावर नेतो, किल्ल्यावर चढवितो, गणेशोत्सवात मंडपाखाली नाटुकली बसवितो. म्हणून हे सारे आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे.

देवळात काय करावे

पुढील गोष्टी कोणत्याही मंडळास खर्चावाचून करता येतील :

१. मुलांच्या कोणत्याही वर्गात किमान दोन प्रौढ असावेत. शक्य तेथे त्यांपैकी एक स्त्री असावी. दार उघडे असावे.

२. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची, अगदी ओळखीच्या स्वयंसेवकाचीही, पूर्वीची माहिती विचारावी व पोलीस-पडताळणी करून घ्यावी.

३. मूल कोणी आणले व कोण घेऊन गेले, याची वही ठेवावी. नेणाऱ्याचे नाव पालकांनी आधी कळविलेले असावे.

४. लहान मुलींना शौचालयास स्त्रीनेच न्यावे. एका मुलास एका प्रौढाने एकटे कोठेही नेऊ नये.

५. मंडपास दोन रुंद वाटा मोकळ्या ठेवाव्यात. विजेच्या तारा जाणत्याकडून तपासून घ्याव्यात. वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे जवळ असावे. सहलीत पाण्याजवळ मुलांची मोजदाद पुनःपुन्हा करावी आणि जाकिटाविना कोणीही नावेत बसू नये, शिक्षकानेही नाही.

६. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय मोबाईलवरून पसरवू नयेत.

७. तक्रार कोणाकडे करावयाची ते नाव आणि बालकांसाठीचा १०९८ व आपत्काळाचा ११२ हे क्रमांक मुलांच्या दृष्टीस पडतील असे भिंतीवर लिहावेत.

मूल सांगू लागले तर

तसा प्रसंग कोणावर न येवो. परंतु आलाच, तर मुलाला मध्येच तोडू नये. ‘तू तिकडे गेलासच कशाला?’ असे म्हणू नये. त्याच्याच शब्दांत ऐकावे, ‘सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणावे, आणि पुनःपुन्हा खोदून विचारू नये. कपडे धुऊ नयेत. विलंब न करता पोलिसांस कळवावे आणि वैद्यकीय तपासणी करावी.

येथेच खरी परीक्षा आहे. ज्याच्यावर आरोप झाला, तो कोणी मान्यवर असला, मोठा देणगीदार असला, तर पंचांपैकी कोणीतरी हळूच म्हणेल : ‘आपसांत मिटवू या. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल.’ हे वाक्य ऐकताच सावध व्हावे. चौकशी करून दोषी ठरविणे हे पंचांचे काम नव्हे. ते न्यायालयाचे आहे. पंचांचे काम कळविणे, आणि तोवर मुलास सुरक्षित ठेवणे. संस्थेला बट्टा लागतो तो गोष्ट उघड झाल्याने नव्हे, ती दडविल्याने. देवळाची भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. मुलाने सांगितलेले आपण ऐकले नाही, तर त्या घरातील मुले पुन्हा काही सांगतील, असा भरवसा कोणी धरू नये.

मननासाठी प्रश्न

१. आपले मूल आठवड्यात कोणकोणत्या प्रौढांच्या हाती असते? त्यांपैकी किती जणांस आपण स्वतः भेटलो आहोत?

२. घरात कोणते गुपित सांगितले असता आपण रागावणार नाही, हे मुलास ठाऊक आहे काय?

३. येत्या सभेत दानपेटीच्या वहीशेजारी मुलांची वहीही मांडली जावी, हा ठराव कोण आणणार?

हा शेवटचा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःस विचारावा, आणि उत्तर सभेस येतानाच सोबत आणावे.