‘किती चुकले?’ विचारण्याआधी

बारावीचं मूल घरात असलं की मॉक टेस्टचा निकाल नेमका आपण दमून घरी येतो तेव्हाच हाती पडतो. चप्पल काढता काढता आपल्या तोंडून निघतंच, ‘किती पडले? किती चुकले?’ हेतू वाईट नसतो हो. क्लासच्या फीचे हप्ते, कट-ऑफच्या बातम्या, नातेवाइकांच्या चौकश्या, सगळं डोक्यात घोळत असतं.

पण हे गुण पडतात तरी कसे, हे आपल्यापैकी किती जणांनी नीट समजून घेतलंय? आपण पायऱ्यांचे गुण मिळवून पास झालेली पिढी. शेवटी उत्तर चुकलं तरी सूत्र लिहिल्याचा एखादा मार्क पदरात पडायचा. बोर्डाच्या पेपरात तो आजही पडतो. सीईटी आणि जेईईच्या संगणकाला मात्र रफ वर्क दिसतच नाही. पान भरून बरोबर गणित केलं आणि शेवटच्या ओळीत एक चिन्ह हुकलं, तर सगळी मेहनत शून्यात.

त्यात या दोन परीक्षांची रीत वेगळी. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 गुण, म्हणजे 200 पैकी निम्मे एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला काही कापत नाहीत. जेईई मेनमध्ये गणिताचे 25 प्रश्न: 20 पर्यायांचे आणि 5 प्रश्नांचं उत्तर संख्येत भरायचं. बरोबर आलं तर 4, चुकलं तर उणे 1, सोडलं तर शून्य. संख्येच्या उत्तरांनाही हा उणे 1 लागू आहे.

आता आपले सल्ले आठवा. एक दिवस म्हणतो, ‘एकही प्रश्न सोडू नकोस.’ दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘खात्री नसेल तर हात लावू नकोस.’ दोन्ही सल्ले खरे, पण वेगवेगळ्या पेपरांसाठी. सीईटीत प्रश्न कोरा ठेवण्यात काहीच फायदा नाही. शेवटची दोन-चार मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन टाकावं. जेईईत मात्र थोडा हिशेब करावा लागतो.

तो हिशेब मुलांबरोबर बसून एकदा करून बघा. चार पर्यायांचे चार प्रश्न अगदी अंदाजपंचे ठोकले, तर सरासरीने एक बरोबर येईल. अधिक 4, उणे 3, हाती उरला 1 गुण. म्हणजे नुसत्या तुक्क्यातून फारसं काही मिळत नाही, आणि एखाद्या दिवशी चारही चुकून उणे 4 व्हायची शक्यता आहेच. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतून निवडताना सरासरी प्रश्नामागे दीड गुण मिळतो. तिथे घाबरून प्रश्न सोडला तर तोटा आपलाच. संख्येच्या उत्तरात पर्यायच नसतात, त्यामुळे गणित सुटलं नसेल तर ते सोडून पुढे जाणंच बरं.

हे कळलं की ‘किती चुकले’ या प्रश्नाची धार आपोआप कमी होते. एका मुलीने 18 प्रश्न सोडवले, 13 बरोबर, 5 चूक: 47 गुण. दुसऱ्या मुलाने 12 सोडवले, सगळे बरोबर: 48 गुण. दोघं जवळजवळ बरोबरीत. पण पहिलीला घरी ‘पाच चुकलेच कसे?’ ऐकावं लागतं आणि दुसऱ्याला शाबासकी मिळते. पुढच्या वेळी ती मुलगी येणारे प्रश्नही सोडायला लागते. तिला उणे एकापेक्षा आपल्या कपाळावरच्या आठीची जास्त भीती वाटते.

आपण सर्रास म्हणतो, ‘येत होतं ना, मग वेंधळेपणा कशाला?’ पण हे पर्याय कसे बनवलेले असतात ते बघा. sin 2x चं विकलन 2 cos 2x. त्यातला 2 विसरणारी मुलं बरीच असतात, म्हणून नुसतं cos 2x हेही पर्यायांत हजर असतं. मुलाने काढलेलं उत्तर समोर दिसतं, त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो खूण करून पुढे जातो. त्याला तेव्हा कळतही नाही की आपण चुकलोय. घरी आल्यावर कळतं, तेव्हा आपल्याआधी तो स्वतःवरच चिडलेला असतो.

म्हणून चुकांची वर्गवारी त्यालाच करू द्यावी: हे येतच नव्हतं, हे येत होतं पण घसरलं, इथे वेळ पुरला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. धडा पुन्हा वाचणं, उत्तर उलट ताडून बघणं, अडलेलं गणित वेळेत सोडायला शिकणं. आणि हो, पर्याय समीकरणात घालून बघणं ही लबाडी नव्हे. या परीक्षेत ती रीतच आहे.

पर्सेंटाइलवरूनही आपण फार घाबरतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. त्या शिफ्टमधल्या शंभरातल्या नव्वद मुलांचे गुण याच्याइतके किंवा याच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड निघाला तर कमी गुणांतही चांगला पर्सेंटाइल येतो. तेव्हा वेगळ्या शिफ्टमधल्या मित्राच्या गुणांशी तुलना करण्यात अर्थच नाही. शिवाय जेईई मेन दोन्ही सत्रांत दिली, तर दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात.

उत्तरसूची लागते त्या दिवशी आपण सगळे लॅपटॉपभोवती गोळा होतो. त्या दिवशी मुलाला आधी एकट्याने ताळा करू द्यावा. गुण तो सांगेल तेव्हा ऐकावेत, आणि ऐकल्यावर पहिली चौकशी बरोबर आलेल्या एखाद्या अवघड गणिताची करावी. चुकलेल्यांची यादी त्याच्याकडे असतेच.