ठावठिकाणा कळवीत जा

चि. बाळ,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला आणि तिने जे वर्तमान सांगितले ते ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. पर्थहून एकटीने मोटार घेऊन ब्रूमपर्यंत जावे, तेथून डर्बीस पोचून गिब रिव्हर रस्त्याने किम्बर्लीचा मुलूख ओलांडावा आणि कुनुनुरास मुक्काम करावा, हा बेत तू मला मागेच कळविला होतास व त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु मेलबर्नच्या तुझ्या मावसबहिणीपाशी तू म्हणालीस म्हणे, की पंधरा दिवस मी कोणालाही सापडणार नाही, फोन बंद करून टाकणार आहे. ही खबर तीन घरे फिरून माझ्यापर्यंत आली असल्यामुळे तीत पदरचे किती मिसळले असेल ते देव जाणे. पण ते एक वाक्य तुझेच, याविषयी मला शंका वाटत नाही, कारण आपल्या घरात तसे बोलणारे एक माणूस पूर्वी होऊन गेले आहे.

तू मुलगी आहेस म्हणून हे लिहितो आहे असे मनात आणू नकोस. तुझा दादा निघाला असता तरी याच शब्दांत त्याची कानउघाडणी केली असती.

ज्या मुलखात तू चालली आहेस त्याचा विस्तार 4,20,000 चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे अवघ्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. आणि वस्ती किती, तर आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावात सहज सामावेल एवढी. तुझ्या वाटेवरच्या पोर्ट हेडलंडपासून ब्रूम सुमारे 600 किलोमीटर आहे. मुंबईहून पणजीस जावे एवढ्या त्या अंतरात हमरस्त्यावर पार्डू आणि सँडफायर ही दोन ठिकाणे सोडली, तर ब्रूम जवळ येईतो पेट्रोल मिळत नाही, की कोणी विचारपूस करीत नाही. अशा प्रदेशात गाडी बंद पडणे हे संकट नव्हे. गाडी बंद पडली हे कोणास ठाऊकच नसणे हे संकट होय.

याचा एक दाखला देतो. 1932 साली जर्मन वैमानिक हान्स बर्ट्राम आणि त्याचा मेकॅनिक अडॉल्फ क्लाउसमन हे दोघे तिमोर बेटावरून डार्विनकडे निघाले असता वादळात वाट चुकून याच किम्बर्लीच्या निर्जन किनाऱ्यावर उतरले. आपण नेमके कोठे आहोत हे त्यांना कळेना. इंजिनातले पाणी पिऊन त्यांनी तहान भागविली, विमानाला पाण्यावर तरंगविणारा एक तराफा सोडवून त्याची होडी केली, आणि कित्येक आठवडे मरणाच्या दारात काढल्यावर तेथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना शोधून, खाऊपिऊ घालून जगविले. ज्या भूमीला आपण ओसाड म्हणतो ती त्या लोकांची घरची भूमी आहे, ब्रूमच्या परिसरात यावुरू लोक अनंत पिढ्यांपासून नांदत आहेत. तेव्हा जेथे त्यांच्या जमिनीवरून जाण्यास परवाना लागतो तेथे तो आगाऊ काढ आणि अतिथीच्या मर्यादेने वाग.

मी उभी हयात बांधकाम खात्यात घालविली आहे, म्हणून रस्त्याविषयी दोन शब्द बोलण्याचा माझा अधिकार तू मान्य करशील. गिब रिव्हर रस्ता गुरांची वाहतूक व्हावी म्हणून केलेला, सुमारे 660 किलोमीटर लांबीचा, बव्हंशी खडी-मुरुमाचा रस्ता आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाच्या दिवसांत तो बहुधा बंदच असतो. तू मे महिना धरलास हे ठीक, परंतु मेच्या प्रारंभी नद्या अद्याप उतरलेल्या नसतात. पेंटेकॉस्ट नदीवर पूल नाही, दगडगोट्यांच्या पात्रातून गाडी घालावी लागते. आणि आपल्याकडे फरशीवरून पाणी जात असता मैलकुली पुढे होऊन काठीने खोली पाहतो तसे तेथे करता येत नाही, कारण त्या पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. म्हणून दुसरी गाडी येईपर्यंत थांब. ती पलीकडे गेलेली पाहा. मगच तू जा. तेथील मेन रोड्स खात्याने रस्ता बंद असल्याची पाटी लावली असेल, तर ती हुकूम समजून पाळ. 2023 च्या जानेवारीत एली चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने फिट्झरॉय नदीला असा पूर आला की फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला, आणि नवा पूल खुला होण्यास डिसेंबर उजाडला. ज्या देशात एक पूल गेला की हमरस्त्यालाच पर्याय राहत नाही, तेथे खात्याची माणसे विनाकारण कोणाची वाट अडवीत नसतात.

डर्बीस भरती-ओहोटीतला फरक 11 मीटरांच्या घरात जातो, मुंबईच्या उधाणाच्या दुपटीहून अधिक. तेव्हा ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाडी उभी करून शिंपले वेचीत बसू नकोस. भाड्याच्या गाडीचा करारनामा नीट वाच. कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही असे कलम त्यात बहुधा असते. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठ. माणशी दिवसाला दहा लिटर पाणी धर, आणि वर दोन दिवसांचे अधिक ठेव. गाडी अडली तर ती सोडून पायी चालू लागू नकोस. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

पण हे सारे केलेस आणि तू कोठे आहेस हे कोणालाच माहीत नसले, तर तुला शोधावयास येणार तरी कोण?

नानाची कथा तुला तुटक तुटक ठाऊक आहेच. माझा हा थोरला भाऊ, तुझा मोठा मामा, एका दिवाळीनंतर कोणास न सांगता रत्नागिरीहून निघाला, आणि खाड्या तरीने ओलांडीत, देवळांतून झोपत, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस गेला. जाण्यापूर्वी एका मित्राजवळ तो हेच बोलला होता, की मला आता कोणी शोधू नये. तो परत येईपर्यंत तुझी आजी रात्री दाराला कडी लावीत नसे. पुढे तो आला, उन्हाने काळवंडलेला आणि मनाने अतिशय प्रसन्न. आणि आम्ही सर्वांनी त्याच्यावर असे तोंड सोडले की त्याने त्या प्रवासाचा एक शब्दही पुन्हा कधी उच्चारला नाही. मी त्यावेळी कॉलेजात होतो, मला सारे ऐकावयाचे होते, दाभोळची खाडी त्याने कशी ओलांडली, मालवणात तो कोणाकडे राहिला, हे विचारावे असे रोज वाटे. पण वडिलांच्या क्रोधापुढे धीर झाला नाही, आणि नंतर नानाच राहिला नाही. आजही खाडीच्या काठी उभा राहिलो की वाटते, त्याने येथे काय पाहिले असेल?

म्हणून तुला जाऊ नकोस असे मी म्हणणार नाही. वर पुष्कळ रागावून लिहिले आहे, ते मनास लावून घेऊ नकोस. वर्षभर कचेरीत राबल्यावर माणसाला काही काळ कोणाच्याही हाकेला ओ देऊ नये असे वाटते, हे मी जाणतो. फोन खुशाल बंद ठेव. मात्र जेथे फोन चालत नाही तेथूनही उपग्रहामार्फत दोन ओळी धाडता येतील असे यंत्र बरोबर घे, आणि संकटसमयी कॅनबेराच्या बचाव केंद्रास इशारा देणारे बीकनही घे. त्याची सरकारी नोंदणी विनामूल्य होते, ती निघण्यापूर्वी कर. दोहोंचा खर्च माझ्या पेन्शनीतून होईल, त्यात संकोच मानू नकोस.

तुमचे घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तुझी रात्रीची जेवणे आटोपतात तेव्हा आमच्याकडे दिवेलागण होते. त्या सुमारास रोज एकच ओळ पाठव: मुक्कामाचे नाव आणि उद्याचा टप्पा. एवढ्याने तुझे एकांतपण मोडत नाही आणि तुझ्या आईला झोप लागते. खरे सांगायचे तर मलाही लागते.

परत आलीस की दिवाळीत इकडे ये आणि मला पहिल्या दिवसापासून सारे सांग. मी मध्ये बोलणार नाही. तूर्त मुक्कामांची यादी करून एक प्रत आईस व एक मला, हे पत्र मिळताच पाठव.

तुझा,
मामा