पंपाला पाना लावण्याआधी



परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, मिनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल तापतंय, पंप गेलाय, उद्या नवा बसवतो." मी तुला थांबवलं, पण का थांबवलं ते सांगायचं राहिलं.

पंप इंजिनाची ताकद ऑइलमध्ये घालतो. त्या ताकदीने लिफ्ट उचलली किंवा ट्रॉली वर गेली, तर ती कामी आली. दाबाखालचं ऑइल काहीही न उचलता एखाद्या फटीतून निसटलं, तर तेवढ्या ताकदीची उष्णता होते. हिशोब करून बघ. बारमधला दाब गुणिले मिनिटाला वाहणारे लिटर, भागिले 600, म्हणजे किलोवॅट. 150 बार आणि 20 लिटर धरले तर 5 किलोवॅट होतात. घरचा गिझर साधारण 2 किलोवॅटचा असतो. जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह सतत उघडा राहिला, तर अडीच गिझर 20-25 लिटर ऑइलमध्ये सोडल्यासारखं होतं. नुसतं ऑइल धरलं तर मिनिटाला सात-आठ अंश चढतात. म्हणून आधी उष्णता कुठे तयार होते ते शोधायचं.

मी हे न शोधता एकदा पंप बदलला आहे. निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार, कांद्याचे पैसे नुकतेच हातात आलेले. ट्रॉली सोडून ठेवली तरी ऑइल तापतं, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता, आणि मी ते नुसतं ऐकून घेतलं. नवा पंप बसवला, दुसऱ्या दिवशी तक्रार तीच. मग पाहिलं तर ट्रॉलीचा लिव्हर मधल्या जागेवर पुरता येतच नव्हता. त्याच्या सळईच्या सांध्यात चिखल वाळून बसला होता. पुढे पाइप जोडलेला नाही, म्हणजे ऑइलला वाट बंद, आणि दिवसभर सगळं रिलीफ व्हॉल्व्हमधून परत. सांधा धुऊन ग्रीस लावलं आणि काम झालं. पंपाचे पैसे मी परत केले, पण बागेत फवारणीची वेळ असताना त्याचे तीन दिवस गेले, ते कुठून परत देणार?

तेव्हा पहिल्यांदा लिव्हर बघ. लिफ्टचा लिव्हर अगदी वर लावून ठेवायची सवय असेल आणि तेव्हा बारीक चीं असा आवाज येत असेल, तर तो रिलीफचाच आवाज आहे. लिव्हर जरा खाली घेतल्यावर आवाज थांबला, तर लिफ्टची वरची मर्यादा जुळवून घे.

मग ऑइल. गाडी सपाट जागी, लिफ्ट खाली, आणि ऑइलच्या पातळीचं गेज बघ. फेस असेल तर हवा शिरते आहे. पंपाकडे जाणाऱ्या ओढीच्या पाइपाच्या सांध्यावर इंजिन चालू असताना थोडं ऑइल सोड. घरघर बदलली तर हवा तिथूनच शिरते. दुधट रंग म्हणजे पाणी, काळपट रंग आणि जळका वास म्हणजे ऑइलचं आयुष्य संपलं. ओढीची जाळी काढून धू. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाल, कारण बऱ्याच गाड्यांत ब्रेकही त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात.

ब्रेकवरून आठवलं, ज्या गाडीत गिअर आणि लिफ्टला एकच ऑइल आहे तिथे दोष हायड्रोलिकचा नसूही शकतो. घासणारा ब्रेक, अर्धवट सुटलेला हँडब्रेक, गेलेलं बेअरिंग, सगळ्यांची उष्णता त्याच ऑइलमध्ये येते. अर्धा तास गाडी उभी ठेवून इंजिन चालव. गार झाल्यावर अर्धा तास लिफ्ट न वापरता नुसती फिरव. दोन्हींत कधी तापते यावरून निम्मी शंका मिटते.

उरलेली शंका लेसर थर्मामीटरने मिटव. पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, लिव्हरचा व्हॉल्व्ह, ब्रेकची बाजू. जी जागा बाकीच्यांपेक्षा आधी आणि जास्त तापते, तिथे दोष. गार असताना लिफ्ट चांगली उचलते आणि तापल्यावर ढिली पडते, पंपही सगळ्यात गरम, असं दिसलं तर मात्र पंप झिजला असं मी मान्य करीन. लिफ्ट कमजोर वाटते म्हणून रिलीफ कधीही आवळू नकोस. प्रेशर गेज लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आणि बाळा, गळती बोटाने चाचपू नकोस. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडी फाडून आत जातं आणि बोट, हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठा धरून बघ. कोणताही पाइप उघडण्याआधी लिफ्ट जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर आणि लिव्हर हलवून दाब सोड.

चारही जागांचे आकडे कागदावर लिही आणि संध्याकाळी मला फोन कर. तोवर नवा पंप दुकानातच राहू दे.

तुझा
मामा